सत्तावीस नंबरची भिंत

१

बॉयलरबद्दल कुणी विचारलं की क्लिफ एंट्विसल आधी चहा मागायचा आणि मग बोलायचा. चाळीस वर्षांत त्याचं भाषण बदललं नव्हतं.

"तीन जाती," तो म्हणायचा. "पहिली कॉम्बी. नळ सोडाल तेवढंच पाणी तापवणार, साठवणार काही नाही. दुसरी टाकीवाली. पाणी तापवून कपाटातल्या टाकीत भरून ठेवणार, जो आधी उठेल त्याची आंघोळ. तिसरी आपल्या आज्यांच्या काळची. माळ्यावर थंड पाण्याच्या टाक्या, खाली बॉयलर, मध्ये पाइपांचं जंजाळ. माळा गोठला की सगळं घर बोंबलत बसणार."

गिऱ्हाईक हसलं की तो कागदावर सही ठोकून निघायचा. चौथी जात तो सांगत नसे. ती दिसतही नाही. फायरप्लेसच्या मागे, धुराड्याच्या पोटात, लोखंडाचा एक चौकोनी डबा बसवलेला असतो. पुढे कोळसा जळतो आणि मागे डब्यातलं पाणी तापतं. उत्तर इंग्लंडमधल्या बेकपसारख्या गावातल्या निम्म्या जुन्या घरांत असे डबे अजून भिंतीत बसून आहेत. नवा बॉयलर आला की तो डबा उचकटून काढायचा. ते जमत नसेल तर रिकामा करायचा, पाइपांची तोंडं उघडी ठेवायची आणि डब्याला एक भोक पाडायचं. पाण्याने भरलेला डबा दोन्ही तोंडं बुजवून तसाच सोडला आणि पुढे कधी कुणी विस्तव केला, तर वाफेला जायला वाट राहत नाही. मग भिंतच वाट देते. हा धंद्यातला पहिला धडा होता आणि क्लिफनेच तो निदान वीस जणांना शिकवला होता.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी त्याच्या यादीत पंचवीस नंबरचं घर होतं. हा पत्ता त्याने याआधी दोन वर्षं दुसऱ्याच्या गळ्यात मारला होता. या वर्षी घ्यायला कुणी उरलं नव्हतं. फेब्रुवारीत तो निवृत्त होणार होता. एवढा एक दिवस काढला की झालं, असं त्याने गाडी लावताना स्वतःला सांगितलं.

२

"ये रे पोरा. पाय पूस आधी," मिसेस पिलिंग म्हणाल्या.

"पोरा? मी चौसष्ट वर्षांचा आहे, मिसेस पिलिंग."

"आणि मी पंच्याऐंशी. आजच पुरी झाली. म्हणजे पोरगाच ठरलास की. टोपी काढ, घरात टोपी घालत नाहीत."

त्याने टोपी काढली. डोक्यावर केस नावाला उरले नव्हते. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि किटली ठेवायला वळल्या. ओळखलं नाही. क्लिफला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॉम्बी होती. त्याने ती बंद केली, गॅसची चावी फिरवली, झाकण उतरवलं, बर्नर साफ केला. दाब बरोबर होता. सगळं इतकं नीट होतं की तो शीळ घालायला लागला. मिसेस पिलिंगनी चहा आणि आल्याच्या केकचा, पार्किनचा, जाडजूड तुकडा पुढे सारला.

अकरा वाजता त्या उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. ठक, ठक, ठक. लोखंड विटेवर आपटल्याचे तीन ठोके. मग जरा थांबून पलीकडून दोन. ठक, ठक.

क्लिफ गालातल्या गालात हसला. तो असल्याच गल्लीत वाढला होता. घराला घर चिकटलेलं, दोन घरांत मिळून एक धुराडं. सकाळी निखारे ढोसायची सळई उचलायची आणि फायरप्लेसच्या मागच्या भिंतीवर तीनदा ठोकायची: आहेस का? शेजारीण दोनदा ठोकणार: आहे. उत्तर आलं नाही तर एप्रन सोडून तिच्या दारात जाऊन बघायचं. त्याची आजी पडली होती, ती अशीच वेळेवर सापडली होती. अजून कुणीतरी ही रीत पाळतंय याचं त्याला बरं वाटलं.

त्याने फॉर्म पुढे ओढला, तारीख घातली, घर क्रमांक पंचवीस लिहिलं. मग त्याचं पेन थांबलं.

खिडकीतून त्याची गाडी दिसत होती. ती खडीवर उभी होती. घराची बाजूची भिंत संपते तिथून खडी सुरू होत होती, आणि त्या खडीच्या जागी पूर्वी सत्तावीस नंबर होतं. दुसऱ्या बाजूला तेवीस नंबर होतं, पण तिकडे जिना होता. धुराडं इकडच्याच भिंतीत होतं.

"मिसेस पिलिंग, उत्तर कोण देतं हो?"

"सत्तावीसवाली. एडना शॉरॉक."

"सत्तावीस तर पाडलं ना?"

"पाडलं की. सहा वर्षं झाली. त्याआधी एडना गेली. मी गेले होते मयताला. हॅमचं सँडविच दिलं होतं, कोरडं ठणठणीत." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मला खुळी समजू नकोस हं. पलीकडे घर नाही हे मला ठाऊक आहे. पण मी सवयीनं ठोकलं आणि उत्तर आलं. कुणी 'आहे' म्हणतंय, तर त्याच्या तोंडावर 'नाहीस' कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

"आणि पलीकडून विचारलं तर?"

"ते कधी विचारत नाही. नुसतं उत्तर देतं. विचारलंच तर आपण उत्तर द्यायचं. नाही दिलं तर बघायला येतात ना." त्या उरलेला पार्किन फडक्यात गुंडाळू लागल्या. "ही तर लहान पोरांनाही माहीत असते गोष्ट."

३

कोंडलेलं पाणी लोखंडात ठोके देतं. तापलं की देतं, निवलं की देतं. हे क्लिफने शेकडो लोकांना समजावलं होतं आणि आता तो स्वतःला समजावत मागच्या खोलीत गेला.

तिथे फायरप्लेसमध्ये एक नवाकोरा स्टोव्ह बसला होता. काळा, बुटका, पुढे काचेचं दार, लाकूड जाळायचा.

"जॅनिसनं दिला. माझी भाची," मिसेस पिलिंग दारातून म्हणाल्या. "काल माणूस बसवून गेला. आज चार वाजता पेटवायचा आहे. केक आहे, तिची पोरंबाळं आहेत, सगळी इथेच या खोलीत बसणार. तेवीस वर्षं इथे विजेचा हीटर होता. त्याला काय ऊब म्हणतात?"

क्लिफ गुडघ्यावर बसला. स्टोव्हच्या मागे, फटीतून, लोखंडी पत्रा दिसत होता आणि पत्र्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी. 'बॉयलर बंद. रिकामा केला. भोक पाडले.' खाली तेवीस वर्षांपूर्वीची चोवीस डिसेंबर आणि सही, सी. ई.

अक्षर त्याचंच होतं.

त्या दिवशी डब्याचा खालचा नट गंजून बसला होता, पाणी निघेना. ड्रिलचं पातं मोडलं. दुकानं दुपारीच बंद झाली होती आणि मित्र पबमध्ये वाट बघत होते. त्याने दोन्ही तोंडांना बुचं मारली, चिठ्ठी लिहिली, पत्रा लावला. नाताळ झाला की येऊन भोक पाडू, असं मनाशी म्हटलं. पुढे नोकरी बदलली. पुढे लग्न झालं. मग असं वाटायला लागलं की आता तिथे कोण विस्तव करणार आहे.

काल आलेल्या माणसाने ती चिठ्ठी वाचली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवून स्टोव्ह बसवला होता. क्लिफनेही ठेवला असता. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

"ती चिठ्ठी एका पोरानं लावलीय," मिसेस पिलिंग म्हणाल्या. "लाल केस, हे एवढे. नाताळच्या आदल्या दिवशी आला होता. पार्किनचे दोन तुकडे खाल्ले. म्हणाला, थोडं राहिलंय, नाताळ झाला की येतो. आला नाही."

"विसरला असेल."

"छे. त्याला काहीतरी झालं असणार. नाहीतर आला असता. तोंडावरून सज्जन वाटत होता. मी पार्किन ठेवला होता त्याच्यासाठी."

क्लिफला वर बघवेना. आत्ताच सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे लायसन्स जाणार, चौकशी होणार, चाळीस वर्षांचं नाव दोन महिने उरले असताना चिखलात जाणार. त्यापेक्षा आज भोक पाडलं की चिठ्ठी खरी होत होती.

"स्टोव्ह जरा पुढे घेऊन धुराडं तपासतो," तो म्हणाला. "तासाभराचं काम आहे."

४

बारा वाजता म्हाताऱ्यांची ने-आण करणारी गाडी आली. मिसेस पिलिंग केस सेट करून घ्यायला निघाल्या. त्या साडेतीनला जॅनिसबरोबर परतणार होत्या. त्या गेल्या, दार ओढलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने बाहेरून किल्ली फिरवली. क्लिफने तो आवाज ऐकला, पण त्याचा अर्थ ध्यानात येईपर्यंत गाडी वळण घेऊन गेली होती.

पुढचं दार बंद. मागचंही बंद, त्याची किल्ली त्याच जुडग्यात. खिडक्या नव्या, दुहेरी काचेच्या, कुलूप लागणाऱ्या. त्याचा मोबाइल गाडीत होता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहिला आणि दहा पावलांवरच्या गाडीकडे बघत राहिला.

घरातला फोन भिंतीवर होता, शेजारी जॅनिसचा नंबर मोठाल्या आकड्यांत चिकटवलेला. त्याने फोन उचलला. 'मी आत अडकलोय' एवढं सांगून भागणार नव्हतं. ती विचारणार, मागच्या खोलीत काय चाललंय? त्याने फोन ठेवला. नाहीतरी साडेतीन तास मिळाले होते. कुलूप लागलं तेही बरंच झालं, असं तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या घरात ते काही बरं वाटलं नाही.

स्टोव्हचा पाइप सोडवला, स्टोव्ह ओढून बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवला. पत्र्याचे स्क्रू काढले. मागे तो डबा होता. चौकोनी, काळा, आणि दोन्ही तोंडांना त्यानेच मारलेली पितळी बुचं. बुचांभोवती त्यानेच गुंडाळलेला ताग अजून लोंबत होता.

त्याने तळवा टेकवला आणि झटक्याने मागे घेतला. डबा गरम होता.

"बरं, क्लिफ," तो म्हणाला. "सांग बघू. उष्णता आली कुठून?"

कॉम्बी सकाळपासून बंद होती. या डब्याला एकही पाइप जोडलेला नव्हता. बाहेरच्या भिंतीवर ऊन म्हणावं तर पाच दिवसांत गावाने सूर्य पाहिला नव्हता. खोलीतला रेडिएटर थंडगार होता. त्याने पुन्हा हात लावला. नुकताच कुणी विस्तव विझवून गेलं असावं इतका गरम. शेजाऱ्याच्या शेगडीने भिंत तापते हेही त्याला आठवलं, आणि मग शेजार नाही हेही आठवलं.

तो ड्रिल घ्यायला वळला तेव्हा डब्यातून ठोके आले.

ठक. ठक. ठक.

दोन नव्हते. तीन होते.

५

क्लिफ हलला नाही. निवणारं लोखंड, तो मनात म्हणाला. पण निवणारं लोखंड मोजून ठोकत नाही. त्याने उत्तर दिलं नाही. बाईंच्या खुळात आपण कशाला सामील व्हायचं? तो घड्याळाकडे बघत बसला. एक मिनिट गेलं.

बाहेर खडी वाजली.

कुणीतरी चालत होतं. कामावरच्या जाड बुटांची पावलं, न घाई न आळस. गाडी हलवायला सांगायला कुणी आलं असेल म्हणून तो आशेने उठला. "इकडे! मी आत अडकलोय!" तो ओरडला. पावलं मागच्या बाजूला वळली. मागच्या दाराची मूठ खाली गेली. तिचा आवाज त्याला स्वयंपाकघरातून स्पष्ट आला, कुरकुर, आणि मग दार चौकटीतून सुटल्याचा हलका आवाज. ते दार त्याने स्वतः, दोन्ही हातांनी, ओढून पाहिलं होतं.

कुलूप लागलेलं दार उघडत होतं, म्हणून त्याने आनंदाने धावायला हवं होतं. त्याचे पाय हलले नाहीत. उलट हात हलला. त्याने पाना उचलला आणि डब्यावर दोनदा ठोकलं. ठक, ठक. आहे.

दार लागलं. पावलं खडीवरून परत गेली.

तो जाऊन बघून आला. मागचं दार बंद होतं, कुलूप जागच्या जागी. पायपुसण्याशी फरशी ओली होती. सकाळी आपणच पाय पुसले, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण पाय त्याने पुढच्या दारात पुसले होते.

त्यानंतर ते विचारतच राहिलं. कधी पाच मिनिटांनी, कधी दोन. तीन ठोके, आणि क्लिफने दोन दिले की शांतता. तो मध्ये मध्ये ड्रिल चालवायचा. बिडाचं लोखंड, जाड, पातं इंचभर जायला दम काढत होतं. ड्रिलच्या आवाजात ठोके ऐकू येणार नाहीत म्हणून तो दर थोड्या वेळाने थांबून कान लावायचा. घामाने शर्ट पाठीला चिकटला. खोली तापत चालली होती. त्याने खिडकी उघडायला हात नेला आणि कुलूप बघून खाली घेतला. एकदा वाटलं, फोन करून सगळं सांगून टाकू. ठोके पडले. उत्तर देता देता ते राहून गेलं.

सव्वादोनला त्याने ठरवलं. आता थांबायचं नाही, आरपार जायचं. त्याने डब्यापुढे ओलं फडकं धरलं, अंग बाजूला घेतलं आणि ड्रिल दाबलं. पातं किंचाळलं, धक्का बसला, आणि भोकातून पाणी उसळलं. काळपट, गंजाच्या वासाचं, कढत. त्याने बादली लावली. ती भरली, दुसरी लावली. या डब्यात दोन बादल्यांहून जास्त पाणी मावत नाही. तिसरी भरली, तेव्हा तो मोजायचा थांबला. धारेच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

ठोके पडले असतील तर ते त्याला ऐकू आले नाहीत. खडी वाजली असेल तर तीही नाही. त्याला फक्त पाठीवर गारवा लागला, मागचं दार उघडल्यावर येतो तसा.

त्याने मान वळवली नाही. पण स्टोव्ह स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होता आणि त्याच्या काचेत ते दार दिसत होतं. चौकटीत ओले बूट होते. बुटांच्या वर कुणीतरी कमरेत वाकून खोलीत बघत होतं, माणूस झोपलंय की गेलंय हे बघायला वाकतात तसं. काच काळी होती. तरी त्या वाकलेल्या डोक्यावरचे केस लाल दिसत होते.

क्लिफने डोळे मिटले आणि डब्यावर पाना आपटला. दोन. पुन्हा दोन. "आहे," तो म्हणत होता. "मी आहे. मी आहे ना इथे."

६

धार थांबली तेव्हा पावणेतीन झाले होते. खोलीत कुणी नव्हतं. डबा रिकामा, भोक आरपार, आणि लोखंड गार पडलं होतं. त्याने पान्याने एकदा टिचकी मारली. पोकळ आवाज आला. त्याला रडूच आलं. तेवीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि कुणाला कळलंही नव्हतं.

त्याने पत्रा बसवला. चिठ्ठी खरवडून काढली आणि चुरगळून खिशात टाकली. स्टोव्ह परत आत ढकलला, पाइप जोडला, सांधे भरले, फरशी पुसली. कॉम्बी सुरू केली. साडेतीनला पुढच्या दारात किल्ली फिरली तेव्हा फॉर्मवर सही तेवढी बाकी होती.

"अगंबाई, मी तुला कोंडून गेले की काय?" मिसेस पिलिंग हसत आत आल्या. केस छान फुगवलेले. मागे जॅनिस, हातात केकचं खोकं, आणि तिची सगळी मंडळी.

"मावशी, तू ना! माफ करा हं," जॅनिस म्हणाली. मग तिची नजर ओल्या फडक्यांवर आणि बादल्यांवर गेली. "हे काय झालं?"

"मागचा जुना बॉयलर पाण्यानं भरलेला होता," क्लिफ म्हणाला. "दोन्ही तोंडं बंद. आता रिकामा केलाय, भोक पाडलंय. आता खुशाल पेटवा."

"आणि आधी पेटवला असता तर?"

"तर ही भिंत राहिली नसती."

जॅनिसने मुलांकडे पाहिलं आणि खोकं टेबलावर ठेवलं. "पण तिथे चिठ्ठी होती! स्टोव्हवाल्यानं मला फोटो दाखवला होता. भोक पाडलंय म्हणून लिहिलेलं, खाली सही. सी. ई. कोण तो? त्याला शोधून काढला पाहिजे. आम्ही सगळे इथे बसणार होतो!"

आता बोलायची वेळ होती. फॉर्म समोर होता, सहीची रेघ रिकामी होती. मिसेस पिलिंग त्याच्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, नुसत्याच. क्लिफने पेन खिशात ठेवलं.

"होता एक जण," तो म्हणाला. "ओळखत होतो मी. गेला बिचारा. बरीच वर्षं झाली."

"गेला?" मिसेस पिलिंग म्हणाल्या. "तो लाल केसांचा?"

"हो."

त्यांनी कोट न काढताच कोपऱ्यातली सळई घेतली, स्टोव्हच्या बाजूने वाकून मागच्या भिंतीवर तीनदा ठोकली. उत्तर आलं नाही.

"म्हणजे एडना नव्हे, तोच उत्तर देत होता. सकाळी तर होता," त्या म्हणाल्या. "कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"मावशी, कुठे जाऊन बघायचं? तिथे लोक गाड्या लावतात."

"तिथेच. उत्तर आलं नाही की जाऊन बघायचं. तू जा रे पोरा. तुझी गाडी तिकडेच आहे."

क्लिफला आणखी काय हवं होतं? त्याने पिशवी उचलली. फॉर्म तसाच टेबलावर राहिला. मिसेस पिलिंगनी फडक्यात गुंडाळलेला पार्किन त्याच्या हातात कोंबला.

७

बाहेरची हवा थंड होती आणि त्याने ती अधाशासारखी घेतली. सुटलो, तो म्हणाला. अंधारून आलं होतं, पण गाडीचा पांढरा दरवाजा दिसत होता. तो घराला वळसा घालून खडीवर आला. इथेच सत्तावीस नंबरची मागची खोली असणार, त्याच्या मनात उगाच आलं. फॉर्मवर सही उद्या करू. आणि त्या बाईंना पत्र लिहून सगळं कळवू. अगदी खरंखुरं, नावानिशी. आत्ता सणाच्या तोंडावर नको. नाताळ झाला की.

तो किल्ली चाचपत असताना भिंतीतून ठोके आले. ठक, ठक, ठक.

आतून मिसेस पिलिंग विचारत होत्या. न ऐकल्यासारखं करून गाडीत बसता आलं असतं. पण उत्तर दिलं नाही तर कुणीतरी बघायला येतं, आणि कोण येतं ते क्लिफने काचेत पाहिलं होतं. त्याने खाली वाकून एक दगड उचलला आणि विटांच्या भिंतीवर दोनदा आपटला.

विटेचा आवाज आला नाही. लोखंडाचा आला, पोकळ आणि बंद.

त्याने भिंतीवर तळवा ठेवला. ती गुळगुळीत आणि कोमट होती. तो गाडीकडे वळला, हात पुढे केला, आणि हात भिंतीला लागला. डावीकडे केला, तिथेही लागला. त्याला नीट उभं राहता येईना. खाली बोटांना एक लहानसं भोक लागलं, एका बोटाएवढं. त्याने घाईघाईने डोळा लावला. पलीकडे पत्रा होता. पाना पिशवीत आहे, असं त्याला आठवलं, आणि पिशवी कुठे आहे ते आठवेना. त्याने मुठीने दोनदा ठोकलं. मग ओरडून त्या भोकात नाव सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट. चिठ्ठी माझीच आहे म्हणून सांगितलं.

पत्र्यापलीकडून आवाज येत होते. खुर्च्या सरकत होत्या, मुलं हसत होती.

"ऐकलंस?" मिसेस पिलिंग म्हणत होत्या. "आहे तो. सांगितलं होतं ना मी, सज्जन पोरगा आहे, येतो म्हणाला म्हणजे येणार. आता पेटव बाई तो स्टोव्ह. चार वाजले."